संघाचा कणा आणि मुदतीपूर्वीचा करार

फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांत संपतो. परंतु तो जिंकणारा संघ नव्वद मिनिटांत तयार होत नाही. आमचे विद्यार्थी मधल्या सुट्टीत मोठमोठ्या संघांच्या जयापजयाविषयी मोठ्या आवेशाने वाद घालतात. कोणी कोणास चकविले, कोणाचा फटका खांबास लागून परत आला, पंचांचा कोणता निर्णय चुकला, या गोष्टी त्यांस मुखोद्गत असतात. मात्र ज्या कागदावर त्या खेळाडूने सही केलेली असते, त्या कागदाची मुदत केव्हा संपते याचा विचार करणारा विद्यार्थी क्वचितच आढळतो. वास्तविक पाहता पुष्कळ संघांच्या पुढील वर्षाच्या यशापयशाचे बीज त्या कागदातच असते. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, ज्या चार-सहा खेळाडूंवर संघ उभा असतो, त्यांच्या कराराची मुदत संपण्यास पुरेसा अवधी असतानाच, म्हणजे निदान एक-दीड वर्ष आधी, क्लबाने त्यांच्याशी मोकळेपणाने बोलावे व उभयतांच्या संमतीने ती मुदत वाढवून घ्यावी. तथापि हे शस्त्र दुधारी आहे. ज्या क्लबास स्वतःचा शब्द पाळण्याची ऐपत किंवा इच्छा नाही, त्याने तरुण मुलाची चार-पाच वर्षे कागदावर लिहून घेऊ नयेत. या दोन्ही बाजू आम्ही वाचकांपुढे क्रमाने मांडू इच्छितो.

नगर जिल्ह्यातील शेतकरी पालकांस ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे सालगड्याचे साल गुढीपाडव्यास भरते व पाडव्यासच नवे साल सुरू होते. आपला गडी कामाचा आहे हे ज्या मालकास कळते, तो पाडव्याची वाट पाहत बसत नाही. ज्वारीची काढणी चालू असतानाच तो बांधावर बसून सहज विषय काढतो, "पुढच्या सालाचं कसं करायचं?" जो मालक पाडव्याच्या आदल्या दिवशी जागा होतो, त्यास बहुधा असे कळते की, शेजारच्या बागाईतदाराने पंधरा दिवसांपूर्वीच बोलणे पक्के करून टाकले. मग नवा गडी येतो. तोही कष्टाळू असतो. परंतु कोणता बैल मारका, कोणत्या वाफ्यास पाणी उशिरा पोहोचते, विहिरीचे पाणी चैत्रात किती तास पुरते, हे कळण्यास त्यास अर्धे साल जाते. तेवढ्यात हंगाम निघून जातो.

फुटबॉलच्या संघाचेही असेच आहे. अकरा खेळाडू मैदानात उतरतात हे खरे. परंतु त्या अकरांतील काही जण संघाचा कणा असतात. गोलरक्षक, बचावफळीच्या मध्यभागी उभा राहणारा खेळाडू, मधल्या फळीतून चेंडू वाटणारा आणि गोल करणारा आघाडीचा गडी, असा हा कणा गोलापासून गोलापर्यंत सरळ रेषेत असतो. यांचे परस्परांशी असलेले संधान हे सरावाचे फळ होय. बचाव करणाऱ्याने मागे न पाहता चेंडू ढकलला असता आपला गोलरक्षक नेमका कोठे असेल, हे त्यास ठाऊक असते. मधल्या फळीतील खेळाडूने मान वर करण्यापूर्वीच आघाडीचा गडी धावू लागलेला असतो. ही ओळख पैशाने विकत मिळत नाही. तिला काळ लागतो, आणि काळ हाच कराराचा खरा विषय आहे.

आता आपल्या शेजारचेच एक ठळक उदाहरण घेऊ. इंडियन सुपर लीग ही आपल्या देशातील मोठी साखळी स्पर्धा २०१४ साली सुरू झाली. साखळीत सर्वाधिक गुण मिळविणाऱ्या संघास ढाल देण्याची प्रथा २०१९-२० च्या हंगामापासून पडली आणि ती पहिली ढाल एफ. सी. गोवा या संघाने जिंकली. त्या यशामुळे आशिया खंडातील विजेत्यांच्या स्पर्धेच्या गटफेरीत स्थान मिळविणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. सर्जिओ लोबेरा या स्पॅनिश प्रशिक्षकाने तो संघ घडविला होता. ह्यूगो बूमू हा त्या हंगामातील सर्वोत्तम खेळाडू ठरला. अहमद जाहू मधल्या फळीतून चेंडूची वाटणी करीत असे. मुर्तादा फॉल बचावाच्या मध्यभागी भिंतीसारखा उभा असे. डाव्या बाजूस मंदार राव देसाई हा गोव्याचाच सुपुत्र पहिल्या हंगामापासून खेळत होता. इतका जुळून आलेला संघ त्यापूर्वी आपल्या देशात क्वचितच कोणी पाहिला असेल.

परंतु हा संघ टिकला नाही. हंगाम संपण्यापूर्वीच, २०२० च्या जानेवारीअखेर, लोबेरा यांस दूर करण्यात आले. पुढे तेच मुंबई सिटी या संघाचे प्रशिक्षक झाले आणि बूमू, जाहू, फॉल व देसाई हे चौघेही एकाच वर्षी मुंबईच्या संघात दाखल झाले. गोव्यासाठी गोलांची रास रचणारा फेरान कोरोमिनास हाही त्याच सुमारास गोवा सोडून गेला. म्हणजे ज्या घराने विहीर खणली, त्याच घराच्या शेजाऱ्याने पाण्याचा पाट आपल्या शेतात वळवून नेला.

याचा परिणाम पाहण्यास फार थांबावे लागले नाही. २०२०-२१ चा संपूर्ण हंगाम महामारीमुळे गोव्यातच, प्रेक्षकांविना रिकाम्या मैदानांवर खेळविण्यात आला. उपान्त्य फेरीत मुंबई आणि गोवा हेच दोन संघ समोरासमोर आले. पहिला सामना दोन-दोन गोलांनी बरोबरीत सुटला; त्यांतील मुंबईचे दोन्ही गोल बूमू आणि फॉल यांनी, म्हणजे आदल्या वर्षीच्या गोवेकरांनीच केले. दुसरा सामना गोलशून्य राहिला व अखेर पेनल्टीच्या फटक्यांवर मुंबईने सहा विरुद्ध पाच अशी बाजी मारली. पुढे १३ मार्च २०२१ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर अंतिम सामना झाला. बिपिन सिंह याने अगदी अखेरच्या मिनिटास गोल केला आणि मुंबईने ए. टी. के. मोहन बागान संघास दोन विरुद्ध एक असे हरविले. ढाल आणि करंडक दोन्ही एकाच वर्षी मुंबईस गेले. गोव्याचा संघ त्या वर्षी चौथा आला, ही गोष्टही काही लहान नव्हे. परंतु त्यापुढील वर्षी तो नवव्या स्थानी घसरला.

येथे कोणी म्हणेल की, मग मुंबईचे धोरण शहाणपणाचे ठरले. दुसऱ्याचे तयार खेळाडू आणावेत आणि जिंकावे. अशा वाचकांनी पुढील वर्षाकडे दृष्टी टाकावी. दोन्ही मान मिळविलेल्या त्या संघातून २०२१ साली लोबेरा गेले, बूमू मोहन बागानकडे गेला, कर्णधार व गोलरक्षक अमरिंदर सिंह हाही तिकडेच गेला. ओगबेचे हा गोल करणारा गडी हैदराबादला गेला व तेथे त्याने अठरा गोल करून त्या हंगामातील सर्वाधिक गोलांचा मान पटकाविला. त्या वर्षीचा करंडकही हैदराबादनेच नेला. आणि मुंबई? साखळीत पाचवी. जी तलवार गोव्यावर चालली, तीच वर्षभरात मुंबईवर उलटली.

याच्या उलट, २०२२-२३ साली मुंबईने पुन्हा ढाल जिंकली, ती वीस सामन्यांत ४६ गुण मिळवून. त्या संघात जाहू व फॉल होतेच. बिपिन सिंह होता. मेहताब सिंह आणि लालेंगमाविया हे तरुण दुसऱ्या-तिसऱ्या हंगामात मुरलेले होते. आणि त्यांत लालियानझुआला छांगटे या चपळ गड्याची भर पडली होती. म्हणजे कणा जुना आणि भर नवी, हे प्रमाण जेव्हा साधले तेव्हा यश आले. ४ मे २०२४ रोजी मुंबईने कलकत्त्यास मोहन बागानचा त्यांच्याच मैदानावर पराभव करून करंडकही पुन्हा मिळविला. परंतु त्याच उन्हाळ्यात लालेंगमाविया मोहन बागानकडे, तर राहुल भेके व परेरा दियाझ बंगळूरकडे गेले. पुढील हंगामात मुंबईचा संघ सहावा आला व बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात बंगळूरकडून पाच विरुद्ध शून्य असा हरला. एकाच कारणाने सर्व काही घडते असे आम्ही म्हणत नाही. प्रशिक्षक बदलतात, दुखापती होतात, दैवही कधी पाठ फिरवते. तथापि कणा मोडला की अंग वाकते, हा क्रम इतक्या वेळा दिसल्यावर त्यास केवळ योगायोग म्हणणे कठीण आहे.

मग क्लब आधीच जागे का होत नाहीत? याचे उत्तर समजण्यासाठी कराराचा कायदा थोडासा जाणून घेतला पाहिजे. जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमांनुसार खेळाडूशी करार सामान्यतः जास्तीत जास्त पाच वर्षांचा करता येतो. कराराचे अखेरचे सहा महिने उरले म्हणजे खेळाडूस दुसऱ्या क्लबाशी पुढील करार करण्याची मोकळीक मिळते. मुदत संपली की तो मोकळा होतो व जुन्या क्लबास बदलीची रक्कम मिळत नाही. शिवाय नव्या खेळाडूंच्या नोंदणीची दारे वर्षातून दोनदाच उघडतात. आता हिशेब करा. मुदत संपण्यास वर्ष उरले असताना क्लबापुढे दोनच मार्ग राहतात: पडेल त्या किमतीस खेळाडू विकावा, नाहीतर पुढील उन्हाळ्यात त्यास रिकाम्या हाताने निरोप द्यावा. दीड-दोन वर्षे उरली असता मात्र तिसरा मार्ग खुला असतो, तो म्हणजे शांतपणे बसून बोलण्याचा. त्या वेळी कोणाच्याही गळ्याशी आलेले नसते. क्लबास धाक नसतो, खेळाडूस घाई नसते, आणि जो व्यवहार घाईवाचून होतो तोच बहुधा न्यायाचा होतो.

अशा करारात पुष्कळदा एक कलम असते. ठरलेली रक्कम कोणी भरली तर खेळाडूस जाऊ दिले पाहिजे, असे ते कलम सांगते. पुष्कळांस हे कलम म्हणजे भिंतीस ठेवलेले भगदाड वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. रक्कम वाजवी ठेवली असेल तर ते घराचे दार आहे. खेळाडूचा उत्कर्ष अडत नाही आणि क्लबही रिता राहत नाही. मात्र खेळाडूची योग्यता वाढली तरी जुनीच रक्कम कागदावर पडून राहिली, तर तो दोष क्लबाचा. म्हणूनही मुदतवाढीचे बोलणे वेळच्या वेळी झाले पाहिजे. कारण त्यामुळे वेतन आणि ती रक्कम या दोन्ही गोष्टी खेळाडूच्या आजच्या योग्यतेस साजेशा करता येतात.

आता दुसरी बाजू. जुन्या काळी इंग्लंडात खेळाडूस राखून ठेवण्याची एक निराळीच रीत होती. तेथे कराराची मुदत संपली तरी क्लब खेळाडूची नोंदणी आपल्यापाशी ठेवी आणि त्याच्या परवानगीवाचून त्यास अन्यत्र खेळता येत नसे. वेतनासही मर्यादा होती. १९६१ साली ती उठली तेव्हा आठवड्यास वीस पौंडांपेक्षा अधिक कोणासही मिळत नव्हते. जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूने न्यायालयात दाद मागितली आणि १९६३ साली न्यायाधीशांनी ही रीत अन्याय्य ठरविली. पुढे बेल्जियममधील जाँ-मार्क बोस्मान याने असाच लढा दिला. त्याचा करार १९९० साली संपला होता, तरी त्यास फ्रान्समधील क्लबाकडे जाता येईना. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपच्या न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला व मुदत संपलेल्या खेळाडूकरिता रक्कम मागण्याचा क्लबांचा हक्क तेथे नष्ट झाला.

हा इतिहास आम्ही मुद्दाम सांगत आहो. बोस्मान याच्या निकालापूर्वी क्लब खेळाडूस दाव्याने बांधून ठेवू शकत होते. त्यानंतर त्यांस त्याचे मन राखावे लागले. मुदतीपूर्वीची वाढ ही त्या निकालातून आलेली गोष्ट आहे आणि म्हणूनच ती आम्हांस आदरास पात्र वाटते. जबरदस्तीच्या जागी येथे संमती आली. परंतु संमती ही दोन्ही हातांनी वाजणारी टाळी आहे. वीस वर्षांच्या मुलाने पाच वर्षे लिहून दिली, तर ती पाच वर्षे क्लब स्वतः तरी टिकेल काय, हे कोणी विचारावयाचे?

हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रात काल्पनिक नाही. मुंबईचा महिंद्र युनायटेड हा संघ २००५-०६ साली राष्ट्रीय साखळीचा विजेता होता. २०१० साली तो बंद करण्यात आला. पुण्यात २००७ साली निघालेला पुणे एफ. सी. हा संघ २०१२-१३ साली देशात दुसरा आला आणि २०१५ साली मिटला. त्याच शहरात निघालेला भारत एफ. सी. एका हंगामातच आटोपला. एफ. सी. पुणे सिटी २०१४ साली उभा राहिला, २०१७-१८ साली उपान्त्य फेरीपर्यंत गेला आणि २०१९ साली नाहीसा झाला. त्याची जागा हैदराबादने घेतली. एवढेच काय, २०२५ साली साखळी चालविण्याच्या हक्कांचा करारच संपत आल्यामुळे इंडियन सुपर लीगचा हंगाम नेहमीप्रमाणे सप्टेंबरात सुरू होऊ शकला नाही आणि काही क्लबांनी खेळाडूंचे वेतन थांबविले. खेळाडूंच्या कराराची मुदत पाहणाऱ्यांनी वेळेवर स्वतःच्या कराराची मुदत पाहिली नाही, असा हा विलक्षण प्रकार झाला. ज्यांच्या कागदावर २०२६ किंवा २०२७ साल लिहिलेले होते, त्यांस त्या आकड्यांचा त्या महिन्यांत काय आधार वाटला असेल, याची कल्पना कोणासही करता येईल.

याउपर एक व्यावहारिक आक्षेप असा घेतला जातो की, लांब मुदतीचा करार केलेला खेळाडू जखमी झाला किंवा आळसावला, तर क्लबाच्या गळ्यात लोढणे पडते. हा आक्षेप खरा आहे आणि त्यामुळेच सर्वांचे करार वाढवीत सुटणे शहाणपणाचे नाही. संघात पंचवीस जण असतात; कणा पाच-सहांचा असतो. ज्याचे वय वाढीचे आहे, ज्याची वागणूक इतरांस वळण लावते, ज्याच्या जागी दुसरा तयार होण्यास दोन वर्षे लागतील, त्याच्याशी आधी बोलावे. पस्तिशीकडे झुकलेल्या खेळाडूशी एकेका वर्षाचाच करार करावा. त्यात त्याचा अपमान नाही. आणि जो जावयाचेच म्हणतो, त्यास मान देऊन जाऊ द्यावे. परंतु त्याचे मन कळले म्हणजे त्याच्या जागेची तयारी त्याच दिवशी सुरू करावी. लवकर बोलण्याचा हा आणखी एक लाभ आहे. उत्तर "नाही" आले तरी ते वेळेवर येते.

जगातील एक क्लब या बाबतीत सर्वांच्या आदरास पात्र आहे. स्पेनमधील बिल्बाओ शहरातील अॅथलेटिक हा क्लब १८९८ सालचा. बास्क प्रांतात जन्मलेल्या किंवा तेथेच खेळ शिकलेल्या खेळाडूंसच तो आपल्या संघात घेतो. ज्याने बाहेरचे खेळाडू घ्यावयाचेच नाहीत असे ठरविले, त्यास घरचे राखणे भाग आहे. म्हणून २०१९ साली त्याने इन्याकी विल्यम्स याच्याशी तब्बल २०२८ पर्यंतचा करार केला. त्याचा धाकटा भाऊ निको यास नेण्यासाठी श्रीमंत क्लब टपून बसले असता, २०२५ च्या जुलैत त्यानेही २०३५ पर्यंत राहण्याचे लिहून दिले व त्याच्या मोकळिकीची रक्कम निम्म्याहून अधिकाने वाढविण्यात आली. या संघाने २०२४ साली चाळीस वर्षांनी स्पेनच्या राजाचा करंडक जिंकला आणि स्पेनच्या वरच्या श्रेणीतून तो कधीही खाली घसरलेला नाही. तेथे खेळाडू केवळ वेतनासाठी राहत नाही; शंभराहून अधिक वर्षे जे घर उभे आहे, ते उद्याही उभे असेल हा त्यास भरवसा असतो. आपल्याकडे कोल्हापुरात पेठापेठांतील तालमींचे संघ आहेत. तेथेही हंगामाच्या तोंडावर कोणता गडी कोणत्या संघाकडे गेला याची चर्चा गावभर होते. तथापि संघ मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहेत, कारण त्यांच्या पाठीशी पेठ आहे. क्लबाने खेळाडूस बांधण्यापूर्वी स्वतःस एखाद्या गावाशी, एखाद्या लोकसमुदायाशी बांधून घेतले पाहिजे, हा धडा या दोन्ही ठिकाणांहून घेण्यासारखा आहे.

आता पालकांसाठी थोडे. आपल्या जिल्ह्यातून पुण्या-मुंबईच्या क्रीडाशिक्षण संस्थांत जाणारी मुले आता अपूर्वाईची राहिलेली नाहीत. एखाद्या दिवशी आपल्याही दारी कोणी कागद घेऊन येईल. त्या वेळी हर्षाने हुरळून सही करू नये, तसेच भयाने कागद फाडूही नये. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलास स्वतः करार करता येत नाही. म्हणून आईबापांची जबाबदारी येथे केवळ सहीपुरती नसते. जागतिक संघटनेच्या नियमांप्रमाणे अशा मुलाशी तीन वर्षांहून अधिक मुदतीचा करार ग्राह्य धरला जात नाही, हेही लक्षात ठेवावे. पाय मोडला तर औषधोपचार कोण करील व त्या काळातील वेतन मिळेल काय, शाळेची परीक्षा आणि सामना एकाच दिवशी आले तर काय, आणि मुलास घरी परत यावेसे वाटले तर मार्ग कोणता, हे तीन प्रश्न तोंडी नव्हे, तर कागदावर सोडवून घ्यावेत. कागदाची एक प्रत घरच्या पेटीत ठेवावी. क्लब खरोखर चांगला असेल तर त्यास या प्रश्नांचा राग येणार नाही. ज्यास राग येईल, त्याचा कागद तसाच परत करावा.

आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. खेळाडू कराराची मुदत चालू असता एका देशातून दुसऱ्या देशात रक्कम घेऊन गेला, तर त्या रकमेचा पाच टक्क्यांपर्यंतचा भाग, त्यास बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत ज्या क्लबांनी शिकविले, त्यांमध्ये वाटला जावा असा नियम आहे. मुदत संपवून तो रिकाम्या हाताने गेला, तर वाटण्यासारखे काही उरतच नाही. म्हणजे मोठ्या क्लबाने वेळेवर केलेल्या करारात, ज्या लहान गावातील मैदानावर तो मुलगा प्रथम अनवाणी धावला, त्या मैदानाचाही वाटा गुंतलेला असतो.

विद्यार्थ्यांनो, शाळेच्या संघास कोणताही करार राखू शकत नाही. दहावीची परीक्षा झाली की दरवर्षी आमच्या संघाचा कणा निघून जातो आणि तो जावा यातच शाळेचे सार्थक आहे. परंतु दोन गोष्टी आपल्या हाती आहेत. पहिली अशी की, मोठ्या मुलांनी आठवीच्या मुलांस केवळ चेंडू आणून देण्यापुरते मैदानावर ठेवू नये. त्यांच्याबरोबर खेळावे, आपली जागा त्यांस शिकवावी. जाणाऱ्याने आपल्यामागे एक तयार गडी ठेवून जाणे, हीच शाळेतील मुदतवाढ होय. दुसरी गोष्ट पालकांच्या हातची आहे. नववी-दहावीच्या मुलास शिकवणीसाठी खेळातून काढावयाचे असेल, तर तो विचार पालकांनी जून महिन्यात आम्हांस सांगावा. पावसाळ्यात शालेय सामने सुरू झाल्यावर, ऐन आठवड्यात निरोप पाठविल्याने मुलगाही कष्टी होतो आणि त्याच्या दहा सोबत्यांची वर्षभराची मेहनतही वाया जाते. जूनमध्ये बोलणे झाले तर बहुधा दोन्ही साधता येते. अभ्यासाचे तासही ठरविता येतात आणि सरावाचेही.

मुलास कोठे ठेवावे, किती काळ ठेवावे आणि केव्हा मोकळे करावे, हे ठरविण्याचा अधिकार पालकांचा आहे व तो आम्ही मानतो. आमचे मागणे एवढेच की, जे ठरवावयाचे ते वेळ हाती असताना, मुलास समोर बसवून आणि त्याचे म्हणणे ऐकून ठरवावे. मोठ्या क्लबांस जी गोष्ट कोट्यवधी रुपये आणि हातचे करंडक गमावून शिकावी लागली, ती आपणांस जूनमधील एका सायंकाळच्या बोलण्याने साधता येईल.